रुसलेलं दार

आमच्या घरात दार अडकत नाही, रुसतं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं म्हणत असतील. एकदा पावसाळ्यात वर्गाचं दार उघडेना, तेव्हा मी गुरुजींना म्हणालो, "रुसलंय ते, जरा उचला," आणि सगळा वर्ग खो खो हसला. तेव्हा कळलं की हा शब्द आमच्यापुरता आहे. मायनं काढलेला.

जाफराबादचं हे घर वडिलांनी बांधलं तेव्हा मी तिसरीत होतो. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते पोस्टात कारकून होते आणि धावड्याला त्यांच्या वाटणीचं थोडं शेत होतं. शेताच्या बांधावर दोन थोराड कडुलिंब होते. ते पाडून, आरा मशीनवर फळ्या कापून त्यांनी घराची सगळी दारं आणि खिडक्या लिंबाच्याच करायच्या ठरवल्या. सागवान अगदीच झेपलं नसतं असं नाही, पण लिंबाला वाळवी लागत नाही यावर दादांचा फार विश्वास. मिस्तरीनं हात जोडून सांगितलं होतं की लाकूड ओलं आहे, त्याला एक उन्हाळा खाऊ द्या. अक्षय्य तृतीया तोंडावर आली होती. दादा म्हणाले, "घरभरणी आखाजीला म्हंजी आखाजीला. जल्दी करा. लाकूड काय, दारातच वाळंल." ते दारात कधीच वाळलं नाही.

मिरगाचा पाऊस झाला की आमची दारं फुगायची. त्यात न्हाणीचं दार सगळ्यात जास्त, कारण त्याला बाहेरचं पाणी आणि आतलंही पाणी. बिजागऱ्या ढिल्या झाल्या होत्या, त्यामुळे दार बोटभर वर उचललं जायचं. उचललं की चौकटीतून सुटायचं, मग ढकललं की उघडायचं. न उचलता ढकललं तर दोन बैल जुंपले तरी हलायचं नाही. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दादा हे स्वतः करून दाखवायचे. "आधी उचल, मंग ढकल. आतून निघताना आधी उचल, मंग ओढ." माझं लग्न झालं, बायको पहिल्यांदा घरात आली, तेव्हा देवाला नमस्कार झाल्याबरोबर तिला न्हाणीच्या दाराचं हे शिक्षण मिळालं. ती अजून सांगते की सासऱ्यांनी तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य हेच होतं.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात दादा त्याच न्हाणीत गेले.

गावाला माहीत असलेली हकिकत अशी आहे: म्हाताऱ्यानं आतून कडी लावली, आत छातीत कळ आली, दार तोडेपर्यंत उशीर झाला. माय हीच हकिकत तिच्या तऱ्हेनं सांगते. त्या चैत्रात दादांना एक झटका येऊन गेला होता. तेव्हापासून तिनं त्यांना एकच गोष्ट बजावली होती की न्हाणीत गेल्यावर आतून कडी लावायची नाही. दादा हो म्हणाले होते. "पन्नास वर्षांत माझं एक ऐकलं न्हाई त्या माणसानं," माय भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. "शेवटाला एवढी एकच गोष्ट मागितली, ती बी न्हाई ऐकली." हे ती रडत सांगायची नाही, चिडून सांगायची. मेलेल्या माणसावर इतकं चिडलेलं मी दुसरं कुणी पाहिलेलं नाही. वर्षश्राद्धाला तिनं सगळा स्वयंपाक रीतसर केला, पण खिरीत वेलची टाकली नाही, कारण वेलची दादांना आवडायची. त्यांचा फोटो तिच्या खोलीत लावू दिला नाही. तो बैठकीत लागला, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी.

कडी लावलेली नव्हती. हे फक्त मला माहीत होतं.

तो रविवार होता. आठ दिवसांची झड लागलेली, कपडे घरातल्या घरात दोऱ्यांवर. बायको माहेरी गेली होती, माय गिरणीवर दळण आणायला. मी बैठकीत सातवीच्या चाचणीच्या वह्या तपासत बसलो होतो. न्हाणीत तांब्या पडल्याचा आवाज आला. मग दार दोनदा हिसकल्याचा. मी वहीवरून मान वर न करता ओरडलो, "दादा, आधी उचला, मंग ओढा." ओरडताना मला हसू आलं. ज्यानं आम्हाला शिकवलं त्याला मी शिकवत होतो, याची गंमत वाटली. उत्तर आलं नाही. मी आणखी एक वही तपासली. कदाचित दोन.

मग उठलो. हाका मारल्या. दार ढकललं, हललं नाही. खांदा लावला, हललं नाही. चाळीस वर्षं ज्या हातांनी मी ते दार उचललं, त्या हातांना त्या घटकेला उचलायचं सुचलं नाही. डोक्यात एकच गोष्ट घुसली होती की आतून कडी आहे. खरं तर कडी लावलेला माणूस आधी कडी काढेल, दार कशाला हिसकेल? एवढा साधा विचार मला त्या दिवशी रात्रीपर्यंत सुचला नाही. मी गल्लीत धावलो. "आतून कडी लावलीय, पहार आणा," हे मी चार घरांसमोर ओरडलो. पहार चौथ्या घरात मिळाली, लाकडांच्या ढिगाखाली होती, ती काढण्यात आणखी वेळ गेला. मी आणि शेजाऱ्यानं मिळून फळी आणि चौकट यांच्यामध्ये पहार घालून रेटली. फळीची कड फुटली आणि दार धाडकन उघडलं.

शेजारी थेट दादांकडे धावला, पण मला आधी दादा दिसले नाहीत, कडी दिसली. ती दाराच्या अंगाला मागे ओढलेली होती, कोरडी, आणि चौकटीवरचं तिचं कडं जागच्या जागी होतं. त्याच्यावरचा रंगसुद्धा उडाला नव्हता. मग दादा दिसले.

डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर बघता आलं असतं." म्हणाले आणि हात धुवायला गेले. बायको म्हणते, डॉक्टर सगळ्यांनाच असं म्हणतात. म्हणत असतील.

त्यांना दवाखान्यातून परत आणलं तेव्हा माय दारात उभी होती, पिठाचा डबा अजून कमरेवर. कुणीतरी तिला म्हणालं, "मावशी, आतून कडी व्हती." माझंच वाक्य. गल्लीत जाऊन दुसऱ्याच्या तोंडातून घरी आलेलं. मायनं डबा खाली ठेवला आणि अंगणात निजवलेल्या दादांना म्हणाली, "सांगितलं व्हतं ना." मी शेजारी उभा होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं. त्या दिवशी जीभ उचलली नाही. दहाव्याला घरात माणसांची रीघ होती. तेराव्यानंतर मला वाटलं, आता काय उपयोग. आणि मग मी मनाला असंही सांगू लागलो की तिला चिडायला कुणीतरी आहे, म्हणून ती उभी आहे, तिचा राग काढून घेतला तर ती कोसळेल. हे मला पटायचं, कारण ते माझ्या सोयीचं होतं.

फुटलेल्या कडेवर मी स्वतःच पत्र्याची पट्टी ठोकली आणि वरून रंग मारला. मिस्तरीला बोलावलं नाही. माय तेव्हापासून न्हाणीचं दार लावतच नव्हती. ते सताड उघडं भिंतीला टेकलेलं असायचं आणि ती आडवी साडी बांधून अंघोळ करायची. त्यामुळे कडी भिंतीकडे तोंड करून लपली. चौकटीवरचं कडं मात्र उघड्यावर होतं. मी रोज सकाळी दात घासताना ते बघायचो. घरातल्या बाकीच्यांनी ते कधी नीट पाहिलं नाही, कारण काय घडलं ते सगळ्यांना माहीतच होतं.

या वर्षी एप्रिलमध्ये बायकोनं विषय काढला. शेजाऱ्यांनी दुसरा मजला चढवला होता आणि त्यांच्या गच्चीवरून आमची न्हाणी दिसायची. साडीच्या आडोशानं सत्तर पार केलेल्या बाईनं अंघोळ करायची म्हणजे काय, हे तिचं म्हणणं बरोबरच होतं. शिवाय खिडक्या वाकड्या झालेल्या, झडपा मिटत नाहीत, उन्हाळ्यात धुळीचा थर ताटापर्यंत. ती म्हणाली, एकदाच सगळं बदलू. माय म्हणाली, बदला. फक्त एक अट. "न्हाणीच्या दाराला कडी नको. बाकी तुमाला काय लावायचं ते लावा." आणि दुकानात ती स्वतः येणार होती.

सुट्टीत आम्ही तिघं एसटीनं जालन्याला गेलो. नवीन जालन्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला दारं-खिडक्यांची ओळीनं दुकानं आहेत. पहिल्या दुकानात लोखंडी दारं होती. दुकानदार म्हणाला, जालन्यात येऊन लोखंड घ्यायचं सोडून दुसरं काय बघून राह्यले. मायनं त्या दाराला हात लावून विचारलं, "हे फुगतं का?" त्याला वाटलं थट्टा करतेय. दुसऱ्या दुकानात ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या होत्या, तिथंही तिनं तेच विचारलं. तिथल्याच ग्रॅनाइटच्या चौकटीवर हात फिरवूनही विचारलं. दगड फुगतो का, असं विचारणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटलं असावं. ती काय विचारतेय ते मला कळत होतं. दुकानातल्या माणसांनी हसू दाबलं की मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटायची.

तिसरा दुकानदार मात्र समजूतदार निघाला. त्याच्या काउंटरवर काचेची बरणी होती, बरणीत हिरवट झालेलं पाणी, आणि त्यात राखाडी पट्टीचा एक तुकडा बुडवलेला. "मावशी, याला डब्ल्यूपीसी म्हणतात. लाकडाचा भुसा आन् प्लास्टिक. सहा महिने झाले पाण्यात हाये," तो म्हणाला. त्याच पट्टीच्या मापाची खाच पाडलेली एक ठोकळी बाजूला होती. त्यानं तुकडा बाहेर काढून फडक्याला पुसला आणि खाचेत सरकवला. तो सहज गेला आणि सहज निघाला.

मायनं तो त्याच्या हातातून घेतला आणि स्वतः सरकवून पाहिला. काढला, परत सरकवला. तिसऱ्यांदाही. दुकानदार बायकोला खिडक्यांचे रंग दाखवायला वळला तरी ही तो ओला तुकडा आत-बाहेर करतच होती.

"तवा असं मिळत नव्हतं का?" तिनं मला विचारलं.

"नव्हतं," मी म्हणालो.

"मिळालं असतं तरी काय," ती म्हणाली. "त्यांनी कडी लावलीच असती."

मी मान फिरवली. भिंतीवर यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, खिडक्यांचे कोपरे कापून टांगले होते, पांढरे, आत कप्पे कप्पे असलेले. मी ते मन लावून बघत राहिलो. मी विज्ञान शिकवतो हे बायकोनं त्याला सांगितलं होतं; अशा माणसाला कप्प्यांतली हवा उष्णता कशी अडवते हे बघायला आवडत असेल असं समजून दुकानदार माझ्याकडे आला आणि समजावू लागला. मी त्याला मध्येच थांबवून विचारलं, "हे न्हाणीचं दार तोडायचं झालं तर किती वेळ लागतो?"

"तुटायचा सवालच न्हाई सर. बिलकुल न्हाई. हातोडा देऊ का? हाणून बघा."

"मी विचारतोय, तोडायचंच असलं तर."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "लोक चोरासाठी विचारतात, न तुटणारं द्या म्हणून. तुम्ही उलटं विचारून राह्यले." मग त्याला काहीतरी उमगलं असावं, कारण त्यानं आवाज खाली आणला आणि एक कुलूप काढून दाखवलं. आतून लावलं तरी बाहेरून नाण्यानं फिरवून उघडणारं. लहान पोरं आत अडकतात, त्यांच्यासाठी लोक नेतात, म्हणाला. माय लांबूनच म्हणाली, "कुलूप नको, कडी नको. काहीच नको." तेवढ्यावर ते मिटलं. खिडक्यांना तपकिरी ॲल्युमिनियम ठरलं, पांढऱ्यावर आमच्याकडची धूळ फार दिसते म्हणून. बैठकीच्या आणि खोल्यांच्या दारांना प्लायवूडचं सपाट फ्लश डोअर, न्हाणीला ग्रॅनाइटची चौकट आणि डब्ल्यूपीसीचं दार, तेही बाहेर उघडणारं. दुकानदारानं बिजागऱ्यांच्या पुड्यात कडी टाकलीच. "सेटमधी येते, मावशी. नका बसवू."

बसवायला गावातलाच मिस्तरी येणार होता. आमची जुनी दारं ज्यानं केली त्याचा मुलगा. बाप जाऊन बरीच वर्षं झाली. मुलाच्या हातात लाकूड क्वचितच असतं आता, तो ॲल्युमिनियम कापतो आणि तयार दारं बसवतो. तो येणार त्याच्या आदल्या दुपारी माय पोथीला गेली, तेव्हा मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन न्हाणीपाशी गेलो. चौकटीवरचं ते कडं काढून टाकायचं होतं. ते नसलं की कुणी काही वाचू शकणार नव्हतं. स्क्रू रंगाखाली गंजून घट्ट बसले होते. मी जोर लावला, स्क्रू-ड्रायव्हर घसरला, रंगावर पांढरे ओरखडे उठले. पुन्हा प्रयत्न केला, आणखी ओरखडे उठले. घामाघूम होऊन मी तिथं उभा होतो, स्वतःच्याच घरात चोरासारखा, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मला स्वतःची किळस आली. शेवटी कडं आहे तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मिस्तरीनं खिडक्या काढल्या, मग खोल्यांची दारं. माय अंगणात बाजेवर बसून गहू निवडत होती. न्हाणीचं दार त्यानं शेवटी घेतलं. भिंतीपासून ते ओढलं, मागची बाजू पाहिली, मग वाकून चौकट पाहिली आणि तसाच वाकून राहिला.

"सर, एक बोलू का?" तो म्हणाला. "दोन वर्षं गावात लोक म्हणून राह्यले की मिस्तरीच्या कडीनं म्हातारा गेला. बापानं कडी इतकी पक्की बसवली की दार तुटता तुटंना. मी काय बोलनार? मयताच्या घरी कुनी तोंड वर करून बोलतं का?"

"जाऊ द्या ना," मी म्हणालो.

"जाऊ कसं देऊ? हे बघा." त्यानं कड्यावर बोट ठेवलं. "कडी लागलेली असती आन् बाहेरून पहार घातली असती, तर हे कडं चौकटीचा टवका घेऊन निघालं असतं. हे तर जागचं हललं बी न्हाई. कडी लागलेलीच नव्हती, सर."

"काय म्हणतो रे तो?" माय बाजेवरून म्हणाली.

मी हातानं त्याला गप्प राहायची खूण केली. त्याला वाटलं, तिला ऐकू कमी येतं. त्यानं आवाज चढवून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "मावशी, न्हाणीची कडी लागलेलीच नव्हती. माझ्या बापाचा दोष न्हाई."

मायनं सूप खाली ठेवलं. ती उठली, पदर खोचला आणि हळूहळू चालत आली. त्यानं तिला सगळं परत दाखवलं. तिनं कड्यावरून बोट फिरवलं, चारही स्क्रूंवरून. मग बोट ओरखड्यांवर थांबलं.

"हे कुनी खरडलं?"

मिस्तरी म्हणाला, "ताजं दिसतंय." आणि मग त्यालाही काहीतरी कळलं, कारण तो हत्यारांच्या पिशवीत उगीच काहीतरी शोधू लागला.

"मी," मी म्हणालो.

"कवा?"

"काल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या डोळ्यांकडे बघू शकलो नाही, तिच्या हाताकडे बघत होतो. तो अजून कड्यावर होता.

"तुला ठावं व्हतं."

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो."

"मंग काय झाल्तं?"

या प्रश्नाची मी दोन वर्षं तयारी केली होती. हवेतला ओलावा, लाकूड, डॉक्टर, नशीब, सगळं योग्य क्रमानं सांगायचं ठरवलं होतं. त्यातलं काहीही तोंडातून आलं नाही.

"रुसलं होतं," मी म्हणालो.

मायनं कड्यावरचा हात काढला.  मग तिनं विचारलं, "तू उचललं न्हाई?"

"न्हाई, माय."

तिनं मान हलवली, जणू मी बाजारातून काहीतरी आणायचं विसरलो होतो. मग चौकटीला पाठ टेकून ती खाली बसली. "त्यांनी कडी न्हाई लावली," ती म्हणाली. थोड्या वेळानं परत म्हणाली, "लावली न्हाई त्यांनी." मी तिच्याजवळ बसायला गेलो, तर तिनं हात पुढे केला, थांब म्हणून. बायकोनं पाणी आणलं, ते घेतलं. मग मिस्तरीला म्हणाली, "तुझ्या बापाची कडी काढ आन् घेऊन जा. तुझ्या घरी असू दे. आन् नव्या दाराला कडी बसव. पुड्यात हाये."

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"त्याच्याकडं काय बघतो," माय म्हणाली. "मी सांगून राह्यले ना."

तो सगळा दिवस आणि पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला बोलावलं तर येऊन जेवायची, ताट उचलून न्यायची. बायकोशी बोलायची, नव्या खिडक्या कशा सरकतात ते तिच्याकडून शिकून घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या मीटिंगवरून आलो तर बैठकीतला दादांचा फोटो जागेवर नव्हता. खिळा तेवढा होता. मी मायच्या खोलीत डोकावलो नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तिनं न्हाणीत गरम पाणी नेलं. दार लावून घेतलं. नवं दार लावताना अजिबात आवाज होत नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मग आतून कडी सरकल्याचा आवाज आला. मी दात घासत होतो. तोंड न धुताच मी दारापाशी जाऊन उभा राहिलो. आत पाणी पडत होतं, थांबत होतं, परत पडत होतं. मग थांबलं ते थांबलंच. मी मोजू लागलो. हात दारावर ठेवला. ते गुळगुळीत होतं, गार होतं, आणि उचलायला त्याला काहीच नव्हतं.

"माय," मी म्हणालो.

आतून काही नाही.

"माय, ठीक हाये ना?"

"तिथं उभा हाईस का?" तिचा आवाज आला. अगदी दारापलीकडून, जवळून.

"हो."

आत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आता काहून उभा राह्यला?" ती म्हणाली. "तवा उभा राह्यचं व्हतं."

मग पाणी पुन्हा पडू लागलं. मी तिथून हललो नाही.